बाबांना बर्फाच्या मूर्ती दाखवायला नेलं तेव्हा

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. पण ती चूक होईपर्यंत बाबांनी माझं डोकं इतकं खाल्लं होतं, की कुठल्याही धड बाईच्या हातून ती झाली असती. हेही लिहून ठेवायला हवं, नाहीतर सगळे त्यांचीच बाजू घेतात.

बाबा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम बंगळूरची बनशंकरी. ऐन विशीत सांगलीहून बंगळूरला एका सरकारी कारखान्यात नोकरीला आले आणि निवृत्त होईपर्यंत तिथल्या फाउंड्रीसाठी लाकडाचे पॅटर्न करत राहिले. यंत्राचा कुठलाही भाग धातूत ओतायचा तर आधी तो कुणीतरी लाकडात हुबेहूब घडवावा लागतो. ते कुणीतरी म्हणजे बाबा. मल्लेश्वरममधल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीचा देखावाही चाळीस वर्षं त्यांच्याच हातचा. किल्ले केले, देवळं केली, एकदा अख्खी अजिंठ्याची लेणी प्लायवूडमध्ये उभी केली. हात गुणी, त्याबद्दल वाद नाही. पण स्वभाव! एखादी गोष्ट डोक्यात घेतली की स्वतः स्वस्थ बसणार नाहीत आणि दुसऱ्यालाही बसू देणार नाहीत. आपण काही बोलायला गेलो की इतक्या वर्षांच्या कन्नड शेजारात उचललेलं एकच उत्तर, "सरी, सरी." म्हणजे ठीक आहे, तू बोल, मी माझंच करणार.

तीन वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू असल्याचं कळलं. तेही उशिरा, कारण वर्षभर दारांच्या चौकटींना खांदे आपटत असूनही ते घर बांधणाऱ्या गवंड्यालाच शिव्या घालत होते. चौकट म्हणे काटकोनात नाही. घर बांधून पस्तीस वर्षं झाली, तोवर काटकोनात होती ती! या आजारात नजर कडेनं कमी होत होत आत येते आणि गेलेली परत येत नाही. गेल्या दिवाळीनंतरच्या तपासणीत डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "त्यांचं काही बघायचं राहिलं असेल, तर पुढच्या वर्षावर टाकू नका." त्यांना वाटलं, बाबांना ऐकू गेलं नाही. कान अगदी शाबूत आहेत. घरी पोचल्यावर चपला काढता काढता बाबा म्हणाले, "मला जपानातल्या त्या बर्फाच्या मूर्ती बघायच्यात."

मला वाटलं होतं, काशी म्हणतील. फार तर सांगली.

कुठल्या मूर्ती ते मला विचारावं लागलं नाही. दोन वर्षं टीव्हीला नाक लावून ते दुसरं काही बघतच नव्हते. उत्तर जपानातल्या साप्पोरो शहरात फेब्रुवारीत भर वस्तीतल्या बागेत बर्फाच्या मूर्ती करतात. मूर्ती म्हणजे तीन तीन मजली राजवाडे, देवळं, मोठाले प्राणी. ट्रकांनी बर्फ आणायचा, लाकडी चौकटीत चेपून त्याचे डोंगर करायचे, मग चौकट काढून फावड्या-कुऱ्हाडींनी तासत बसायचं. आत ना खिळा, ना सरस. बाबांना एकच गोष्ट छळायची, एवढं वजन उभं राहतं कसं? "सगळे मेले पुढूनच दाखवतात," ते टीव्हीवर चिडायचे, "बाजूनं कुणी दाखवतच नाही."

मी एकुलती एक, आई जाऊन सहा वर्षं झालेली, नवऱ्यानं "तुमचं तुम्ही बघा" म्हणून हात वर केलेले. म्हणजे नेणार कोण? मीच.

तिकिटं काढल्यापासून निघेपर्यंतचे दोन महिने आठवले तरी कपाळ ठणकतं. मी राहते शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला. दर शनिवारी दोन मेट्रो बदलून आणि वर रिक्षावाल्याशी हुज्जत घालून बनशंकरी गाठायची. एका शनिवारी गेले तर ओट्यावर मटार वितळून पसरलेले आणि फ्रीजरमध्ये सात डबे, सातही डब्यांत पाणी. बाबा बर्फ गोठवून पटाशीनं कोरायचा सराव करत होते. हत्ती करायचा होता. सोंड तुटली म्हणून दुसरा, कान तुटला म्हणून तिसरा. स्वयंपाकघरभर पाणी आणि मधोमध हे, पायात गुळगुळीत स्लिपर.

"अहो बाबा, पडाल! हाड मोडलं की जपान राहिलं, सगळा उत्सव जयनगरला हाडांच्या डॉक्टरकडे साजरा करावा लागेल!"

"सरी," बाबा म्हणाले आणि चौथा डबा काढला.

मग कपडे. बंगळूरला पारा जरा उतरला की आम्ही स्वेटर काढतो, आणि तिकडे शून्याच्या खाली आठ-दहा. मी जाड जॅकेट आणि बर्फातले बूट मागवले, तर बाबा 'सवय व्हावी म्हणून' ते घालून भर दुपारी गच्चीत फेऱ्या मारायला लागले. घामानं न्हाऊन निघाले तरी काढेनात. खालच्या मजल्यावरच्या अक्कांनी मला फोन करून काळजीनं विचारलं की तुझ्या वडिलांना थंडी वाजून ताप वगैरे आलाय का. खरं कळल्यावर त्यांनी पुळियोगरेच्या, म्हणजे चिंचभाताच्या, मसाल्याची पुडी पाठवली. ती बॅगेत गेली, भडंग गेलं, मेतकूट गेलं, भात शिजवायचा विजेचा बुटका कुकर गेला. माझ्या कपड्यांना जागा उरली कोपऱ्यात. सांगून काही उपयोग नव्हता.

आता तारखा. इथेच मी माती खाल्ली.

आमच्या मंडळाचा देखावा गणपती बसतो त्या दिवशी कधीच पुरा झालेला नसतो. रंग ओला, निम्मे दिवे बंद, बाबा शिडीवर. पुढे गर्दी सुरू होते आणि रांगेतून ढकलत ढकलत काय दिसतं ते दिसतं. विसर्जन झालं की मात्र देखावा तसाच उभा राहतो. मांडववाल्याला दुसरीकडची कामं असतात, तो आठ आठ दिवस फिरकत नाही. आमच्याकडे गुडघेदुखीवाले, तान्ह्या मुलांच्या आया, सगळे विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीच येतात. "आता निवांत बघू," म्हणतात, पायऱ्यांवर बसतात, देखाव्याला हात लावून बघतात. लहानपणापासून मी हेच बघत आले. उत्सव संपल्यावर देखावा खरा आपला होतो, हे माझ्या अंगात इतकं मुरलंय, की दुसरं काही असू शकतं हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

बाबांना गर्दीत नेणं म्हणजे संकट. नजर नळीतून बघितल्यासारखी झालेली, दोन्ही बाजूंची माणसं त्यांना दिसतच नाहीत, धडका बसतात. अंधुक उजेडात तर समोरचंही धड दिसत नाही. म्हणून मी मोठ्या शहाणपणानं ठरवलं की उत्सवाच्या शेवटच्या संध्याकाळी पोचायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, माणसं पांगल्यावर, लख्ख उजेडात आरामात बघायचं. ऑफिसची रजाही त्यात चपखल बसत होती. मला माझंच कौतुक वाटलं होतं.

बाबांना मात्र शंका. "तारखा नीट बघितल्यास ना? संपल्यावर ठेवतात ना उभं?"

हे किती वेळा विचारलं असेल देव जाणे. शेवटी मी ओरडले, "अहो, तीन मजली वस्तू आहे ती! एका रात्रीत कोण उचलून नेणार?"

"सरी," ते म्हणाले.

मी एकदा फोन उघडून बघितलं असतं तर? नाही बघितलं. ज्या बाईला ऑफिसात सगळे 'हिच्याकडून काही सुटत नाही' म्हणतात, तिनं नाही बघितलं.

प्रवासाचं फार सांगत नाही. परकी भाषा म्हटली की बाबांच्या तोंडून कन्नडच निघतं, त्यामुळे टोकियोच्या विमानतळावर त्यांनी एका मुलीकडे "स्वल्प नीरु" मागितलं. तिनं काय समजायचं ते समजून हसत गरम पाण्याचा पेला आणून दिला, आणि पुढचा तासभर "बघ, कळतं त्यांना" हे मला ऐकावं लागलं. साप्पोरोच्या हॉटेलात पोचलो तेव्हा संध्याकाळचे आठ वाजले होते. मी बॅगा आत ओढून वळते तोच बाबा दारात उभे. कानटोपी, जॅकेट, बूट, सगळं चढवून तयार.

"चल."

"कुठे?"

"बाग दहा मिनिटांवर आहे. खालच्या मुलीनं नकाशात बोट ठेवून दाखवलं. दहापर्यंत दिवे असतात."

माझा तोल गेला. दोन विमानं, एक आगगाडी, पाठीत कळ, रस्त्यावर काचेसारखा गोठलेला बर्फ. "बाबा, बाहेर काय थंडी आहे बघताय ना? अंधारात तुम्हाला समोर बसलेली मी दिसत नाही, मूर्ती काय दिसणार? घसरलात तर? उद्या सकाळी जायचं ठरलंय, उद्याच जायचं!"

"दिवे लावलेत ना त्यांनी," बाबा म्हणाले.

"उद्या!"

ते थोडा वेळ खिडकीशी उभे राहिले. रस्त्याच्या टोकाला आकाश उजळलेलं दिसत होतं. मग खाली बसून त्यांनी एक एक बूट काढला. मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले, मेतकूट-भात दिला आणि डाराडूर झोपले.

सकाळी नऊला निघालो. ऊन स्वच्छ पडलं होतं, मी खुशीत होते, बाबांचा दंड धरून जपून चालवत होते. बागेच्या बाजूनं धडधड ऐकू यायला लागली.

"मेट्रोचं काम चाललेलं दिसतंय," बाबा म्हणाले. बंगळूरचा माणूस, दुसरं काय सुचणार? मलाही तसंच वाटलं.

वळण घेतलं आणि दिसलं. आपल्याकडे रस्ते उकरतात तसली पिवळी यंत्रं, लांब सोंडांची. एका राजवाड्याची एक बाजू उभी होती आणि दुसऱ्या बाजूचा ढीग झाला होता. यंत्राची सोंड हळूच वर गेली, छपराला टेकली, आणि ते छप्पर एकदम खाली आलं. दोरीपलीकडची माणसं 'आऽऽ' करून फोटो काढत होती.

मिनिटभर मला काही कळेचना. दोरीजवळ पिवळा पट्टा घातलेला एक पहारेकरी होता, त्याच्यापुढे भाषांतरासाठी मोबाइल धरला. मोबाइलनं सांगितलं, उत्सव काल संपला, वितळून कुणाच्या अंगावर पडू नयेत म्हणून दुसऱ्या दिवशी मूर्ती पाडतात, दर वर्षी. असं सांगून त्यानं कमरेत वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, थांबवा, पंधरा मिनिटं थांबवा, हे माझे वडील, यांचे डोळे जाताहेत, हे पुन्हा नाही येऊ शकणार. काय म्हणत होते, कुठल्या भाषेत, मला आठवत नाही. तो आणखी खाली वाकला. भांडायला समोरचा माणूस ताठ उभा तरी लागतो हो! हा वाकतोच आहे, मी काय करू?

मी बाबांना ओढत पुढच्या चौकात नेलं. तिथेही ढीग. त्याच्या पुढच्याही. पारदर्शक बर्फाच्या मूर्ती दुसऱ्या रस्त्यावर असतात म्हणून तिकडे धावले, तर त्या आधीच फोडून झालेल्या, कडेला नुसते तुकडे. मी आणखी पुढे ओढायला लागले तेव्हा बाबा म्हणाले, "हळू चाल गं. मला पाय कुठे पडतोय ते दिसत नाही."

तेव्हा मी थांबले.

"मघाच्या त्या अर्ध्याशी चल," ते म्हणाले. आम्ही परत गेलो. दीड तास ते दोरीला धरून उभे होते. यंत्र एक एक फळी उतरवावी तशी भिंत उतरवत होतं आणि बाबा मान इकडून तिकडे हळूहळू फिरवत बघत होते, कारण एका नजरेत त्यांना सगळं मावत नाही. मी आपली शेजारी उभी राहून चडफडत होते. त्यांनी मला बोलावं, शिव्या द्याव्यात, आईचं नाव काढावं, असं मला मनापासून वाटत होतं. शेवटी मीच फुटले. "बोला ना काहीतरी! ओरडा एकदाचे माझ्यावर!"

"जरा गप्प बस," ते म्हणाले. "भिंतीची जाडी बघतोय."

पुढे हे ऐकून एक-दोघींनी मला समजावलं की बघ, त्यांना हवं होतं ते आतलं काम बघायला मिळालंच की. अजिबात नाही! असली गोड समजूत मला नको आहे. माणूस राजवाडा बघायला गेला होता आणि त्यानं ढिगारा बघितला. दुपारी हॉटेलात परतल्यावर बाबा कानटोपीसकट भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. भात शिजवला, तो खाल्ला नाही. संध्याकाळी केव्हातरी एवढंच बोलले, "काल दिवे होते."

उरलेले तीन दिवस मी म्हणेन तिकडे ते निमूट आले. मासळीबाजार बघितला, संग्रहालय बघितलं, सूप प्यायलं. एकदाही 'सरी' म्हणाले नाहीत. मला त्यांचा हट्टीपणा इतका हवासा कधीच वाटला नव्हता.

परत आल्यावर दोन आठवड्यांत मंडळाचा निरोप आला. रविवारी सकाळी बाबांनी 'जपानमधील बर्फशिल्पे' या विषयावर बोलावं. मी म्हटलं, नाही सांगा. बाबा हो म्हणाले. माझी झोप उडाली. मंडळात मला कर्तबगार मुलगी म्हणतात, वडिलांचं किती करते म्हणतात, आता माझी चूक सगळ्यांसमोर निघणार होती. तरी जाताना मी म्हटलं, "काय झालं ते सांगून टाका. माझं काही म्हणणं नाही."

बाबा चाळीस मिनिटं बोलले. कागद नाही, काही नाही. राजवाड्याचं दार कसं होतं, खांबांवर नक्षी कशी होती, छपराच्या कडेला बर्फाचे पक्षी कसे होते. निळे दिवे लागले की भिंती आतून उजळल्यासारख्या कशा दिसतात, आणि त्या उजेडात भुरभुरणारा बर्फ चाळणीतून पीठ पडावं तसा कसा दिसतो. मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होते, आणि यातलं काहीही आम्ही बघितलेलं नव्हतं. खरी होती ती फक्त भिंतीची जाडी. तळाशी दोन वाव, वर हातभर. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं अंतर, ते त्यांनी हात पसरून दाखवलं.

कुणीतरी फोटो मागितले. "हिचा मोबाइल थंडीनं बंद पडला," बाबा म्हणाले. सगळे हसले. मग त्यांनी माझ्या दिशेला तोंड केलं. मी नेमकी कुठे बसलेय ते त्यांना दिसत नव्हतं, दोन खुर्च्या चुकल्या. "ही दमून आली होती. पाठ धरलेली. तरी पोचल्या पोचल्या, बॅगासुद्धा न उघडता, हिनं मला आधी तिथे नेलं. म्हणून हे डोळ्यांनी दिसलं."

टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला. मला वाटलं, उठून ओरडावं की हे सगळं झूट आहे. नाही उठले.

बनशंकरीला परतताना टॅक्सीत मात्र मी तोंड सोडलं. "खोटं का बोललात? चाळीस मिनिटं! आणि माझ्याबद्दल ते, ते कशाला? मला शिक्षा म्हणून?"

गाडी एका लांबलचक सिग्नलला अडकली होती.

"शिक्षा कसली," बाबा म्हणाले. "मंडळात काय सांगायचं, माझी मुलगी चुकली म्हणून? आणि सगळंच खोटं नाही ते. जाडीवरून उंचीचा हिशेब केला मी. खांब कुठे पाहिजेत तेही त्यावरून निघतं. पक्षी टीव्हीत बघितले होते. दिव्यांचं मात्र अंदाजानं सांगितलं." मग म्हणाले, "पुढच्या वर्षी तू जाऊन ये. उत्सव चालू असताना जा. संध्याकाळी उभी राहा तिथे, आणि मी सांगितलं ते बरोबर होतं का बघून ये. मला येऊन सांग."

"तुम्हीपण याल की."

"मी येऊन काय करू गं?" पत्ता सांगावा तितक्या सरळ आवाजात ते म्हणाले.

रडण्याऐवजी मी चिडते, माझा स्वभावच तसा आहे. "मग मला बारीकसारीक विचारू नका," मी खिडकीबाहेर बघत फणकारले. "जाडी किती, खांब किती. मला नाही तुमच्यासारखं बघता येत."

"शिकवतो," बाबा म्हणाले. "वर्ष आहे अजून."